अर्तेमिसचं एका खांबाचं देऊळ, करिंथचं मटण आणि वर्गणी न देणारे शेजारी

पायतण (धागाकर्ती)

मागच्या वसंतात तुर्कस्तानला जाऊन आले. इस्तंबूल, फुगे, बकलावा यांवर इथे धागे चिकार आहेत, ते सोडून देते. मला बोलायचंय सेल्चुकबद्दल. इझमीरपासून रेल्वेनं दीडेक तासावरचं लहानसं गाव. त्याच्या कडेला पाणथळ जागेत एक खांब उभा आहे. एकच. माथ्यावर करकोच्यांचं घरटं, बुडाशी डबकं, डबक्यात बदकं. हे इफिससच्या अर्तेमिस या ग्रीक देवीचं देऊळ, प्राचीन सात आश्चर्यांपैकी एक. थोरला प्लिनी हा रोमन लेखक १२७ खांब होते म्हणतो. आज दिसतो तो एक खांबही सापडलेले तुकडे एकावर एक चढवून उभा केलेला आहे. नवरा "एवढ्यासाठी आलो?" म्हणाला आणि सावली शोधून बसला.

तिथून पुढे मुख्य अवशेषांत मोठं नाट्यगृह आहे. डोंगराच्या उतारावर पायऱ्याच पायऱ्या, साधारण २४ हजार माणसं मावतील अशा. वरच्या पायरीवर बसून मी फोनवर बायबलातलं 'प्रेषितांची कृत्ये' उघडलं, अध्याय १९. प्रसंग इ.स. ५०च्या दशकातला. पौल नावाचा तंबू शिवणारा ज्यू प्रचारक दोनेक वर्षं या शहरात मुक्काम ठोकून आहे, आणि हातानं घडवलेले देव हे देवच नव्हेत असं सांगत फिरतोय. देमेत्रियस नावाचा एक चांदीकाम करणारा आहे, अर्तेमिसची चांदीची छोटी देवळं घडवणारा. तो आपल्या धंदेबंधूंची बैठक बोलावतो. त्याचं भाषण मला फार आवडलं, कारण सुरुवातच अशी आहे की मंडळी, आपली बरकत या धंद्यावर आहे. देवीचा मान कमी होईल ही काळजी नंतर येते. मग गर्दी खवळते, पौलाच्या दोन सोबत्यांना ओढत नाट्यगृहात नेतात आणि तब्बल दोन तास एकच घोषणा चालते. आपण कशासाठी जमलोय हे बहुतेकांना ठाऊकच नव्हतं, असं लिहिणाराच सांगतो! शेवटी नगराचा चिटणीस येऊन समजावतो की कोर्टं उघडी आहेत, अधिकारी बसलेले आहेत, तक्रार असेल तर तिकडे जा. या दंग्याचा जाब उद्या कुणी विचारला तर आपल्याकडे सांगायला कारण नाही. लोक घरी जातात.

मला पडलेला प्रश्न असा. या शहरांना देवांचं वावडं नव्हतं. इजिप्तची इसिस आली, सरापिस आला, पूर्वेकडचे आणखी किती आले, सगळ्यांना जागा मिळाली. मग याच एका देवावरून एवढा गहजब का?

माझं मत आधीच सांगून टाकते. देव खरा कोणता यावरून रस्त्यावरचा माणूस भांडत नव्हता. भांडण पंगतीवरून आणि वर्गणीवरून होतं. तिथे देवाला मानणं म्हणजे मिरवणुकीत चालणं, वेदीवर धूप टाकणं, बळीचं मटण सगळ्यांसोबत खाणं. मनात काय आहे हे कुणी विचारत नसे. ख्रिस्ती झालेला शेजारी नेमका तेवढ्याला येत नाही. आणि देवी रागावून भूकंप झाला तर घर सगळ्यांचंच पडणार.

इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकसच्या उकिरड्यात एक चिठ्ठी सापडली आहे. मजकूर एवढाच: खैरेमोन तुम्हाला प्रभू सरापिसच्या पंक्तीला, सरापिसच्या देवळात, उद्या म्हणजे १५ तारखेला नवव्या तासापासून जेवायला बोलावतो आहे. नववा तास म्हणजे दुपारचे तीन. ग्रीसमधल्या करिंथमध्ये अस्क्लेपियस या आरोग्यदेवाच्या देवळाला लागून तीन जेवणघरं खणून काढली आहेत, प्रत्येकात अकरा जणांना बाकांवर रेलून जेवायची सोय. म्हणजे मंगल कार्यालय, हॉटेल आणि देऊळ एकाच आवारात. बारसं तिथंच, धंद्यातल्या मंडळींचं जेवणही तिथंच. आता तुम्ही नुकते ख्रिस्ती झाला आहात आणि खैरेमोनची चिठ्ठी आली आहे. काय करणार?

जाणकारांनी भर घालावी.

चहाचा_कप

पोट बिघडलंय म्हणून सांगणार. आमच्या चाळीत वर्गणीच्या वेळी लोक दिवे घालवून गप्प बसायचे, त्यातलाच प्रकार.

वाचतोय. धागा छान.

मोडीवाला

उत्तम विषय. त्या एका खांबाची जागा सापडली कशी, ते या चर्चेच्या गाभ्याशीच आहे म्हणून सांगतो.

१८६३पासून जॉन टर्टल वुड नावाचा इंग्रज वास्तुविशारद इफिससला देऊळ शोधत होता. एवढं मोठं देऊळ, पण गाळाखाली गडप झालेलं. १८६६ मध्ये त्याला तुम्ही बसलात त्याच नाट्यगृहात एक लांबलचक ग्रीक शिलालेख मिळाला, इ.स. १०४चा. गायस विबियस सालुतारिस या धनिकानं २० हजार दिनारांचा निधी ठेवला आणि सोन्याचांदीच्या मूर्ती करून दिल्या, त्याचा हा दस्त. या मूर्ती देवळातून निघायच्या, मॅग्नेशियाच्या वेशीतून शहरात यायच्या, नाट्यगृहात मांडायच्या आणि कोरेससच्या वेशीतून परत देवळाकडे जायच्या. वुडनं वेस शोधली, तिथून रस्ता धरला आणि १८६९च्या अखेरच्या दिवशी फरसबंदीला पोचला. म्हणजे देऊळ सापडलं ते पालखीच्या वाटेवरून!

लेखात पुढे कुणाला किती रोकड वाटायची याचा तपशील आहे: नगरसभेचे सभासद, ज्येष्ठांचं मंडळ, तरुण पोरं, देवीच्या जन्मदिवशी नागरिक. हे वाचलं की देमेत्रियसची बैठक कळते. त्यात हे देऊळ ठेवी ठेवायची जागाही होतं, परगावचे लोकसुद्धा पैसा तिथे ठेवत. शहर स्वतःला अर्तेमिसचं 'निओकोरोस' म्हणवून घेई, म्हणजे देवळाची राखण करणारं. आपल्याकडचा पुजारी, बडवे, गुरव, ट्रस्टी सगळे एका शब्दात.

एक दुरुस्ती. 'पंगत आणि वर्गणी' हे मत मला बरंचसं पटतं, पण सगळं पैशावर ढकलू नका. सालुतारिसच्या मूर्तींत अर्तेमिस आहे, रोमचा सम्राट आहे, नगराच्या संस्थापकांच्याही आहेत. त्यांच्यासोबत चालणाऱ्या तरुण पोराला आपण कोण आहोत ते त्या वाटेवर कळायचं.

सावेडीकर

खैरेमोनच्या चिठ्ठीवर मला बोललंच पाहिजे, कारण आमच्या घरात ती दर गणपतीत येते.

आम्ही नगरचे मराठी ख्रिस्ती, पणजोबांच्या आधीपासून. शेजारच्या काकू दीड दिवसाच्या गणपतीचे मोदक आणून देत. आजी दोन्ही हातांनी डबा घ्यायची, रिकामा कधी परत करायची नाही, साखर तरी घालायचीच. मोदक आम्ही पोरं खायचो. आत्या मात्र शिवायची नाही. आणि दर वर्षी काकू गेल्या की आजी-आत्याचं जे जुंपायचं, त्यात दोघी एकाच पत्रातली वचनं एकमेकींवर फेकायच्या. करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय ८ ते १०. गंमत म्हणजे आमच्या मराठी बायबलात तिथे 'नैवेद्य' हाच शब्द आहे, मूर्तीला दाखवलेला नैवेद्य. इंग्रजीत वाचणाऱ्याला तो विषय जुना-पुराणा वाटत असेल. मराठीत वाचलं की डबा समोर दिसतो.

पौलाचं उत्तर सरळ नाही, म्हणून तर भांडण. बाजारात विकतात ते खुशाल घ्या, चौकशी करू नका. कुणी घरी बोलावलं तर वाढतील ते खा. पण कुणी मुद्दाम सांगितलं की हे देवाला दाखवलेलं आहे, तर सांगणाऱ्याच्या मनासाठी खाऊ नका. आणि देवळातल्या पंक्तीला मात्र नाही. मूर्ती काहीच नाही हे आपल्याला कळतं, पण ज्याला अजून कळलं नाही असा आपला भाऊ ते बघून बिचकेल, त्याचा विचार करा. आजी पहिल्या दोन वाक्यांवर जगली, आत्या शेवटच्या दोनांवर.

आणि हे सगळ्यांना मान्य होतं असंही नाही. यरुशलेमच्या सभेचा निरोपच होता की मूर्तीला वाहिलेलं टाळा. बायबलातल्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, पर्गम आणि थुवतीरा इथल्या मंडळ्यांना (म्हणजे ख्रिस्ती समुदायांना) असं खाण्याबद्दल झापलंय. म्हणजे शहराशी भांडण होण्याआधी हे भांडण मंडळीच्या आतच सुरू होतं. धागाकर्तीच्या मांडणीत ही बाजू राहिली.

पायतण

@सावेडीकर, डब्याबद्दल धन्यवाद, ही बाजू खरंच राहिली होती. आणखी एक: मटण रोजचं अन्न नव्हतं. गरिबाच्या ताटात ते पडायचं तेच मुळी सणाला, शहराच्या खर्चानं बळी दिला की. म्हणजे 'खाऊ नका' हे श्रीमंताला एका मेजवानीपुरतं, गरिबाला वर्षभराच्या मटणापुरतं.

काळा_दगड

सगळे फार गोड गोड लिहिताय म्हणून थोडं कडू. रोमन जगात सर्वधर्मसमभाव होता. ज्यानं येऊन 'तुमचे सगळे देव भुतं आहेत' म्हणायला सुरुवात केली तो असहिष्णू की ज्यानं ऐकून घेतलं तो? छळाच्या कथा फुगवलेल्या आहेत. सत्ता हातात आल्यावर यांनी काय केलं ते बघा: अलेक्झांड्रियाचं सरापिसचं देऊळ फोडलं, ग्रंथालय जाळलं, हायपेशिया या विदुषीला मारलं.

निशिगंधा_क

@काळा_दगड, तीन वाक्यांत तीन गोष्टी कोंबल्यात, सुट्या करते.

रोमचा सर्वधर्मसमभाव हे आपलं आजचं स्वप्न त्यांच्यावर चढवणं झालं. इ.स.पू. १८६ मध्ये रोमच्या सिनेटनं बाक्खस या मद्यदेवाच्या गुप्त पूजा मोडून काढल्या, ख्रिस्ती धर्म जन्माला यायच्या कितीतरी आधी. गॉलमधल्या (आजचा फ्रान्स) द्रुइड पुजाऱ्यांनाही चिरडलं. जुनं आणि आपल्या पूर्वजांचं असेल ते चालायचं. ज्यू त्यामुळेच सुटले, त्यांची चाल जुनी होती. ख्रिस्ती मंडळी मात्र कालची, आणि बापजाद्यांचं सोडून आलेली. लोक त्यांना काय म्हणत? 'नास्तिक'! स्मिर्नात, म्हणजे आजच्या इझमीरमध्ये, सुमारे १५५ साली पॉलिकार्प या म्हाताऱ्या बिशपला पकडलं. अधिकारी म्हणाला, "'नास्तिकांचा नायनाट होवो' एवढं म्हण आणि सुट." तो भरल्या मैदानाकडे बघून, त्यांच्याकडे हात करून तेच म्हणाला. अर्थात सुटला नाही.

छळ फुगवला गेला, हे अर्धं बरोबर. २५० सालापर्यंत तो सलग आणि साम्राज्यभर नव्हता. एखाद्या शहरात पूर आला, दुष्काळ पडला की लोक यांच्यावर उठायचे. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुल्लियन १९७च्या सुमारास वैतागून लिहितो की रोमची तिबेर नदी चढली तरी ख्रिस्ती सिंहाला, नाईल चढली नाही तरी ख्रिस्ती सिंहाला.

आता अलेक्झांड्रिया. ३९१-९२च्या सुमाराची गोष्ट. बिशप थिओफिलसला एका जुन्या इमारतीच्या डागडुजीत भुयारातलं देवस्थान सापडलं आणि त्यानं तिथल्या पवित्र वस्तू भर रस्त्यातून टिंगल करत मिरवल्या. मग दंगा. जुन्या धर्माचे लोक सरापिसच्या आवारात शिरून बसले, पकडून नेलेल्या ख्रिस्त्यांपैकी काहींना त्यांनी आत मारलंही. बादशहाचा हुकूम आला: माणसांना माफी, देवळाला नाही. मूर्तीला हात लावला तर आभाळ कोसळेल अशी समजूत होती. एका शिपायानं कुऱ्हाड उचलून जबड्यावर हाणली. आभाळ जागेवर राहिलं. पोखरलेल्या लाकडातून उंदीर पळाले, असं थिओडोरेट हा ख्रिस्ती इतिहासकार चवीनं लिहितो. पण लोकांची खरी धास्ती वेगळीच होती. नाईलचं पाणी मोजायची काठी याच देवळात असे, आता नदी चढेल का? त्या वर्षी नदी भरपूर चढली आणि काठी चर्चमध्ये गेली. शेतकऱ्याचा जीव कशात अडकलेला असतो बघा.

ग्रंथालयाचं मात्र मागे घ्या. देऊळ फोडल्याचं वर्णन करणारे त्या काळचे लेखक पुस्तकांबद्दल चकार शब्द काढत नाहीत, आणि त्यात दोन्ही बाजूंचे आहेत. अम्मियानुस या रोमन इतिहासकारानं तर आधीच तिथल्या ग्रंथालयांचा उल्लेख भूतकाळात केलाय. हायपेशियाचा खून ४१५चा, खरा आणि किळसवाणा, पण त्यात शहरातलं सत्तेचं राजकारण जास्त होतं.

काळा_दगड

ग्रंथालय मागे. बाकी कुऱ्हाड तुम्हीच सांगितलीत.

दप्तरदार

महसूल खात्यात ३१ वर्षे काढून निवृत्त झालो आहे. इतिहासाचा अभ्यास नाही, परंतु धाकट्या प्लिनीचा पत्रव्यवहार मराठी माणसाने, विशेषतः सरकारी नोकरीतल्याने, अवश्य वाचावा. कलेक्टर आणि मंत्रालय यांच्यातला पत्रव्यवहार वाटावा इतका ओळखीचा.

प्लिनी हा काळ्या समुद्राकाठच्या बिथिनिया-पाँतसचा सुभेदार. साल सुमारे ११२. प्रत्येक गोष्ट वर विचारणार. निकोमिडियात आग लागली तेव्हा त्याने विचारले, १५० माणसांचे अग्निशामक पथक काढू का? सम्राट त्रायानचे उत्तर: नको. माणसे कोणत्याही नावाखाली एकत्र आली की त्यांचा राजकीय अड्डा होतो, त्यापेक्षा बादल्या पुरवा. हे लक्षात ठेवा म्हणजे पहाटे एकत्र जमून ख्रिस्ताचे स्तोत्र म्हणणाऱ्यांकडे सरकार कोणत्या नजरेने पाहत असेल ते समजेल.

ख्रिस्त्यांबद्दलच्या पत्रात तो विचारतो: नुसते नाव ख्रिस्ती असणे हा गुन्हा, की त्या नावाखाली केलेली कृत्ये? वयाचा विचार करावा का? सोडून दिल्यास माफी आहे का? कार्यवाही आधीच सुरू केलेली आहे, विचारणा नंतर! पद्धत अशी: देवांच्या मूर्ती आणि सम्राटाची प्रतिमा समोर ठेवायची, धूप आणि दारू वाहायला लावायची, ख्रिस्ताला शिव्या द्यायला लावायच्या. केले तर मोकळे. दोन दासींना छळून माहिती काढली, त्यांना मंडळीत 'सेविका' म्हणत असत. हाती काय लागले, तर एकत्र जेवतात आणि ते जेवण साधेच असते.

शेवटचा परिच्छेद वरील चर्चेला लागू आहे. देवळे ओस पडली होती, आता माणसे परत येऊ लागली आहेत, आणि बळीच्या मटणाला पुन्हा गिऱ्हाईक मिळू लागले आहे. मधल्या काळात घेणारा सापडत नव्हता. म्हणजे सुभेदाराच्या टेबलावर ही तक्रार मटणाच्या खपापर्यंत पोचलेली होती. करिंथच्या त्या उपदेशाला साठेक वर्षे होऊन गेल्यानंतर!

त्रायानचे उत्तर चार ओळींचे. शोधून काढू नका. सिद्ध झाल्यास शिक्षा करा. देवांची पूजा केल्यास सोडा. आणि निनावी अर्ज कोणत्याही प्रकरणात दाखल करून घेऊ नका, ते आपल्या काळाला शोभत नाही. हे वाक्य मी टेबलाच्या काचेखाली ठेवले होते.

चहाचा_कप

काका, काचेखालच्या वाक्यासाठी दंडवत.

दप्तरदार

@चहाचा_कप, धन्यवाद. मग दाखल्याचीही गोष्ट ऐका.

२५० साली सम्राट डेसियसने हुकूम काढला: साम्राज्यातील प्रत्येकाने देवांना बळी द्यावा आणि दिल्याचा दाखला घ्यावा. इजिप्तच्या वाळूत असे चाळीसवर दाखले सापडले आहेत. एक आहे औरेलियस डायोजिनिसचा, तारीख २६ जून २५०. नमुना ठरलेला. बळींवर देखरेख करणाऱ्या समितीस अर्ज. अर्जदाराचे नाव, बापाचे नाव, गाव, वय वर्षे ७२, ओळखीची खूण: उजव्या भुवईवर व्रण. मी सदैव देवांना बळी देत आलो आहे आणि आता आपल्या समक्ष, हुकुमाप्रमाणे, बळी दिला, पेय वाहिले, बळीचे मांस चाखले. तरी तसा दाखला मिळावा. खाली साक्ष.

'मांस चाखले' हे शब्द पहा. पंगतीत बसल्याचे सरकारी प्रमाणपत्रच.

दुसरा एक दाखला पेतेसुखोस या मगरदेवाच्या पुजारिणीचा आहे. जन्म देवळात गेला, पण दाखला तिलाही लागला. पुजारीण म्हणून सूट नाही म्हणजे नाही.

कार्थेजमध्ये तर एवढी झुंबड उडाली की संध्याकाळ झाली म्हणून अधिकाऱ्यांनी कित्येकांना उद्या या म्हणून सांगितले. बिशप किप्रियन हे मोठ्या दुःखाने लिहितो, कारण परत पाठवलेले हे सगळे त्याच्याच मंडळीतले. काहींनी बळी न देता पैसे चारून नुसता दाखला मिळवला. छळ थांबल्यावर मंडळीत वर्षानुवर्षे वाद: बळी देणारे वेगळे, नुसता धूप टाकणारे वेगळे, दाखलेवाले वेगळे, कोणाला परत घ्यायचे, किती प्रायश्चित्तानंतर. खुद्द किप्रियन त्या वेळी लपून राहिला होता, त्याबद्दल टोमणे खाल्ले. पुढे २५८ मध्ये मात्र त्याने मान दिली.

मोडीवाला

दप्तरदारांचे दोन्ही प्रतिसाद वाचनखुणांत टाकले.

निशिगंधा_क

चर्चा देऊळ, कचेरी, बाजार इथेच फिरतेय. घराचं काय? नवरा जुन्या धर्माचा आणि बायको ख्रिस्ती असलेली घरं पुष्कळ होती. तर्तुल्लियननं अशा बाईचे हाल लिहून ठेवलेत (हेतू अर्थातच 'असं लग्न करू नका' हा). तिचा उपास असला की नवरा नेमकी त्याच दिवशी मेजवानी ठेवणार. रात्रीच्या प्रार्थनेला तिला कोण सोडणार? सणाला दारावर दिवे आणि लॉरेलची तोरणं, त्याच दारातून तिनं जायचं-यायचं. तोरणाखालून जाणं ही पूजा की नुसतं जाणं?

आणि कार्थेजचीच पर्पेतुआ. वय २२, अंगावर पिणारं मूल. तुरुंगातलं तिनं स्वतः सांगितलेलं टिकून आहे, त्या काळच्या बाईचा इतका थेट आवाज दुर्मीळच. बाप येऊन पाया पडतो. अधिकारी हिलारियानुस म्हणतो, बापाच्या पिकल्या केसांची दया कर, पोराची दया कर, सम्राटाच्या कुशलासाठी बळी दे. ती नाही म्हणते. मग तिच्यादेखत म्हाताऱ्या बापाला छडीनं मारतात. ७ मार्च २०३ला तिला मैदानात मारलं. मला यात कुणाची बाजू घ्यावी कळत नाही. मी बहुतेक वेळा त्या बापाशी अडकते.

शेवंता_पेडणे

गोव्याची असल्यामुळे हे सगळं वाचताना पोटात कालवतं. १५६० मध्ये मंगेशाला कुशस्थळीहून रातोरात प्रियोळला आणलं, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली. इफिससची गोष्ट तिथलीच राहू दे, पण

संपादक

शेवंताताई, प्रतिसाद अर्धवट प्रकाशित झालेला दिसतो. गोव्याच्या देवळांवर स्वतंत्र धागा आहे, पोर्तुगीज राजवट तिथे. सोळाव्या शतकातली वसाहत आणि पहिल्या शतकातले तंबू शिवणारे यांची मोट बांधू नये ही विनंती.

शेवंता_पेडणे

मोट बांधत नव्हते हो, मांजरानं एंटर दाबलं. म्हणायचं होतं की त्याच गोव्यात शिरगावची लईराई आणि म्हापशाची मिलाग्रिस सायबीण बहिणी मानतात, देवळातून तेल जातं, चर्चमधून मोगरा येतो. तर सत्ता वर काहीही करो, खाली डबे फिरतच असतात. सावेडीकरांच्या आजीसारखे.

मोडीवाला

खालून काय झालं यावर अंताकियाची (आजच्या तुर्कस्तानातलं अंताक्या) एक गोष्ट, मला सगळ्यात जास्त आवडणारी.

३६१ मध्ये जुलियन बादशहा झाला. ख्रिस्ती वाढलेला, पण जुन्या देवांकडे परतलेला. देवळं उघडली, बळी सुरू केले. पुढच्या वर्षी तो अंताकियाला आला आणि गावाबाहेर दाफ्नेच्या राईत अपोलोचा वार्षिक उत्सव आहे कळल्यावर मोठ्या हौसेनं निघाला. डोळ्यांसमोर मिरवणूक, बळीचे बैल, धूप, पांढऱ्या कपड्यांतली पोरं. आत जाऊन बघतो तर काही नाही. त्याला वाटलं, लोक बाहेर आपली वाट बघत थांबले असतील. पुजाऱ्याला विचारलं, शहरानं देवासाठी आज काय आणलंय? पुजारी म्हणाला, मी माझ्या घरून एक हंस-बदक आणलंय. शहरानं काहीच नाही.

हे जुलियननं स्वतःच लिहिलंय, शहराला टोमणे मारत. जगाचा बादशहा आणि समोर घरचं एक बदक. हे कुणा कुऱ्हाडवाल्यानं केलेलं नव्हतं. एका पुजाऱ्याला दिलेल्या पत्रात त्यानं कारणाचा एक पदरही सांगितलाय: हे गालिलवाले (म्हणजे ख्रिस्ती) आपल्या गरिबांना तर पोसतातच, वर आमच्याही गरिबांना पोसतात, आणि आमच्या लोकांना आमच्याकडून मदत मिळत नाही हे मात्र सगळ्यांना दिसतं. म्हणजे पंगत हललेली होती. धागाकर्तीचा मुद्दा इथे लागतो.

पण काळा_दगड यांचाही लागतो. ३८६च्या सुमारास त्याच शहराचा, जुन्या धर्माचा वक्ता लिबानियस तेव्हाच्या बादशहाला विनवतो की काळ्या कपड्यांतले, हत्तींपेक्षा जास्त खाणारे हे जोगी गावोगावची देवळं पाडत सुटलेत. देऊळ म्हणजे शेताचा जीव. तेच गेलं तर कुणबी कशाच्या आशेवर नांगर धरेल? काही ठिकाणी देऊळ आपोआप ओस पडलं, काही ठिकाणी पाडलं. शहरागणिक वेगळं.

सावेडीकर

इफिससपासून फार लांब नाही असं अफ्रोदिसियास. नावच अफ्रोदितीवरून. ५००च्या आसपास देवीच्या देवळाचंच चर्च केलं, खांब काढून नव्यानं मांडले, आत-बाहेर उलटं केलं. मग गावाचं नाव स्तावरोपोलिस, क्रुसाचं शहर. जुन्या लेखांतलं देवीचं नाव छिन्नीनं खरवडलेलं अजून दिसतं. (नगरचा असल्यामुळे गावांच्या नावांवर मी जास्त बोलत नाही.)

आणि इफिससला देमेआस नावाच्या कुणा ख्रिस्ती माणसानं कोरून ठेवलंय की अर्तेमिस या भुताची फसवी मूर्ती काढून मी इथे क्रूस उभा केला. उलट नगराच्या अग्निगृहात अर्तेमिसच्या मोठ्या मूर्ती १९५६ मध्ये मातीखाली सापडल्या, बऱ्याचशा शाबूत. त्या जपून पुरल्या असाव्यात असं पुष्कळांना वाटतं. मलाही वाटतं. कुणीतरी कुऱ्हाड घेऊन आलं आणि कुणीतरी फावडं घेऊन.

चहाचा_कप

त्याच इफिससला ४३१ मध्ये परिषद भरली आणि मरियेला 'देवमाता' ठरवलं ना? म्हणजे अर्तेमिस गेली नाही, साडी बदलून आली.

सावेडीकर

हे वाक्य फार चालतं, पण जरा जपून. परिषदेतला वाद ख्रिस्तातला देव आणि माणूस एक की दोन यावरचा होता, 'देवमाता' हा शब्द त्या वादात आला. निकाल लागल्यावर लोकांनी बिशपांना मशाली घेऊन मुक्कामापर्यंत पोचवलं, हे खरं. त्या मशाली बघून एखाद्या म्हातारीला लहानपणी आजीनं सांगितलेली मिरवणूक आठवली असेल, नाही कशाला म्हणू? पण अर्तेमिस कुमारी शिकारीण, ही लेकुरवाळी. साडी तीच म्हणता येत नाही.

पायतण

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. 'पंगत आणि वर्गणी' हे मत मी सोडत नाही, पण देमेआसची कुऱ्हाड, मूर्ती पुरणाऱ्यांचं फावडं आणि पर्पेतुआचा बाप त्यात बसत नाहीत हे कबूल.

एक सांगायचं राहिलं. सेल्चुकला बाहेर दुकानांची रांग आहे. देमेत्रियसचे वारस म्हणा. अर्तेमिस सगळ्या आकारांत, प्लास्टर, संगमरवरी चुरा, पितळ, आणि त्याच फळीवर शेजारी मरियेच्या छोट्या मूर्ती. दुकानदार दोन्ही एकाच कापडानं पुसत होता. मी वीतभर अर्तेमिस घेतली, घासाघीस करून. घरी आल्यावर आईनं विचारलं, ही कोण? म्हटलं, तिकडची देवी आहे, शोकेसमध्ये ठेव. चार दिवसांनी बघते तर तिच्या पुढ्यात एक जास्वंद. "देवी म्हणालीस ना? मग नुसती कशी ठेवायची," आई म्हणाली.

दप्तरदार

मातोश्रींचे वय आणि ओळखीची खूण कळवावी. 'आमच्या समक्ष फूल वाहिले' असा दाखला आजच्या तारखेने तयार ठेवतो.